शेवटच्या रांगेत ऐकू येतंय का?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला शाळेच्या आठवणींवर बोलायला सांगितलंय. मी मात्र शाळेबाहेरच्या एका इमारतीबद्दल बोलणार आहे. आपलं गॅदरिंग जिथं व्हायचं, त्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल.

तालमीच्या दिवशी मराठीच्या बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसायच्या, आठवतंय? तिथून त्यांचा आवाज यायचा, "ऐकू येत नाही!" मग आपण घसा फुटेस्तोवर ओरडायचो. त्यावर बाई म्हणायच्या, "ओरडू नका रे. शब्द पुरता उच्चारा. बाकीचं थिएटर बघून घेईल."

ते कसं बघून घ्यायचं, हे मला फार उशिरा कळलं. हे थिएटर माइकच्या आधीच्या काळातलं. गाणाऱ्या नटाचा आवाज मागच्या माणसापर्यंत नुसता पोचावा, या हिशेबानं बांधलेलं. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नाही. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते. तिथली भव्य प्रेक्षागृहं बघून आल्यावर त्यांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर. थिएटरचं काम 1913 ला सुरू झालं आणि 1915 ला पूर्ण झालं. पैलवान आणि नट यांना एकाच भिंतीचे शेजारी करणारा राजा आपल्या गावाला लाभला.

1957 साली थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. 1890 साली कोल्हापुरातच जन्मलेला हा माणूस. 1908 ला त्यांनी 'ललितकलादर्श' काढली. 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्याच वर्षी ते गेले. वय अवघं एकतीस.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मला पुण्यात फोन आला. पलीकडून आपला वर्गमित्र बोलत होता. "थिएटर जळतंय," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी पहाटेच निघालो. छप्पर नव्हतं, रंगमंच नव्हता, खुर्च्या नव्हत्या. दर्शनी दगडी भाग तेवढा उभा होता. आणि बाहेर माणसं, एखाद्याच्या दारात मयताला उभी राहावीत तशी.

आता ते पुन्हा उभारायचं काम हाती घेतलंय. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 ला बंद पडलं आणि दुरुस्त होऊन 2016 ला उघडलं. सिनेमासाठी काढून टाकलेले बाजूचे बॉक्ससुद्धा तिथं परत बांधले. म्हणजे जुनं थिएटर परत आणता येतं. पण तिथं मूळ वास्तू उभी होती. आपल्याकडे छप्परच उरलं नाही. म्हणून जुने नकाशे जितके लागतील, तितक्याच आपल्या ट्रंकेतल्या फोटोंनाही किंमत आहे. गॅदरिंगच्या फोटोत आपण मिशा चिकटवून उभे असू, पण मागे कमान दिसते, पडदा दिसतो, सज्जाची कड दिसते. ते फोटो शोधा आणि त्यांच्या प्रती बांधकाम करणाऱ्यांच्या हाती पोचवू या.

दुसरी विनंती पैशांची. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेत नावाची फरशी बसवायचं ठरतंय. माझा विरोध नाही. पण मला वाटतं, तो निधी शाळेच्या गॅदरिंगच्या भाड्यासाठी ठेवावा. दगड, लाकूड, छप्पर सगळं परत येईल. पण भाडं परवडत नाही म्हणून पोरं शाळेच्या पटांगणात मंडप घालून, भोंगे लावून नाटक करायला लागली, तर थिएटर परत आलं असं मी म्हणणार नाही. थिएटर मोठ्या नटांनी गाजतं. जगतं मात्र हौशी कलाकारांवर, राज्य नाट्य स्पर्धेवर आणि आपल्यासारख्या वाक्यं विसरणाऱ्या पोरांवर.

बाई आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, थिएटर उघडलं की पहिल्या गॅदरिंगच्या तालमीला तुम्हाला घेऊन जायची जबाबदारी माझी. तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचं. माइक बंद ठेवू. आणि काम बरोबर झालंय की नाही, ते तुम्हीच सांगायचं.