सोसायटीच्या वह्या आणि संगणक

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात ‘सोसायटी’ हा शब्द नवा नाही. कागदोपत्री तिचं नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. पेरणीच्या तोंडावर पीककर्ज तिच्यामार्फत मिळतं आणि कित्येक ठिकाणी खत-बियाणंही तिथूनच उचललं जातं. हा सारा कारभार पिढ्यान्‌पिढ्या गटसचिवाच्या वह्यांवर चालत आला. त्या वह्यांची जागा आता संगणकावरची एक व्यवस्था घेऊ लागली आहे. ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’ असं तिचं लांबलचक नाव, थोडक्यात ‘ईआरपी’. ती आहे तरी काय, ते आज पाहू.

एक साधा व्यवहार घ्या. मेहकर तालुक्यातल्या एखाद्या सभासदाने खताची दोन पोती कर्जखाती उचलली. व्यवहार एकच, पण नोंदी किती? साठावहीत दोन पोती कमी करायची, विक्रीवहीत रक्कम मांडायची, सभासदाच्या नावे ती टाकायची. मग रोजकीर्द, खतावणी आणि महिनाअखेरची तेरीज. जिल्हा बँकेला पाठवायचं पत्रक वेगळंच. तोच आकडा हाताने सहा-सात वेळा उतरवायचा. एका ठिकाणी हात चुकला की तेरीज जुळत नाही, आणि लेखापरीक्षक आले की शोधाशोध सुरू होते.

ईआरपीचं मर्म एवढंच, की नोंद एकदाच करायची. खताची पावती फाडली, की साठा, सभासदाचं खातं आणि ताळेबंद एकाच वेळी बदलतात, कारण या साऱ्या वह्या मुळात एकाच कोठारातून आपली माहिती घेतात. वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे प्रोग्रॅम घेतले तर त्या केवळ विजेवर चालणाऱ्या वह्या झाल्या. जुळवाजुळव काही चुकत नाही. शिवाय कर्ज किती मंजूर झालं आणि गोदामात पोती किती उरली, हे एकत्र दिसलं म्हणजे पुढची मागणी किती नोंदवायची तेही कळतं. नावातला ‘नियोजन’ हा अर्थ इथे उतरतो.

ही कल्पना मूळची कारखान्यांतली. कोणता सुटा भाग केव्हा आणि किती लागेल, हे संगणकाकडून काढून घेण्याची पद्धत १९६० नंतर अमेरिकेत रूढ होऊ लागली. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. ‘ईआरपी’ हे नाव मात्र १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने दिलं. आपल्याकडे २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटी रुपयांचा. सोसायटी, जिल्हा बँक, राज्य बँक आणि नाबार्ड यांना एकाच सॉफ्टवेअरने जोडायचं, असा हा बेत आहे.

शेतकऱ्याला याचं काय? २०१७ ची कर्जमाफी आठवा. अर्जातली माहिती आणि बँकेकडची माहिती जुळेना, म्हणून कितीतरी शेतकरी यादीची वाट पाहत राहिले. नावातलं एखादं अक्षर, खात्यातला एखादा आकडा, आणि हक्काचा लाभ अडतो! वही नीट असणं ही केवळ कारकुनी बाब नाही, ती अशी.

पण एक धोका ध्यानात ठेवावा. जिथे नोंद एकदाच होते, तिथे चुकीची नोंदही एकदाच होते आणि क्षणात सगळीकडे पोचते. जुन्या वहीतली बाकी संगणकात चढवताना चूक राहिली, तर तीच पुढे खरी म्हणून चालत राहील. म्हणून नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, हा नियम कसोशीने पाळला पाहिजे. गटसचिवाला पुरेसं शिक्षण हवं. वीज गेली, नेट गेलं तर काम कसं चालवायचं, हेही आधीच ठरलेलं हवं.

आणि सभासदांनीही स्वस्थ बसू नये. आपला छापील खातेउतारा मागून घ्यावा आणि जुन्या पावत्यांशी ताडून पाहावा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी, असा कायदा आहे. चहा पिऊन सही करून परतण्यापेक्षा त्या सभेत एक प्रश्न अवश्य विचारावा: “आमच्या बाक्या संगणकात चढल्या, त्या कोणी तपासल्या?” यंत्र बेरीज बिनचूक करील, पण आकडा खरा की खोटा, हे ज्याचं खातं त्यालाच ठाऊक असतं.