वाचनालयाचे दार कोणासाठी?

(फलटण येथे वाचक व कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



वाचनालयाचा विषय निघाला की आपण ग्रंथसंख्या सांगतो, स्थापनेचे साल सांगतो, कोणकोणत्या साहित्यिकांचे पाय तेथे लागले ते सांगतो. पायरी चढून आत येणाऱ्या सामान्य माणसाला तेथे काय अनुभव येतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आज तोच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, चित्र फारसे बदलत नाही. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी असतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. त्यांना जागा हवी असते, शांतता हवी असते, कारण घरी दोन्ही नसतात. ग्रंथ पुष्कळदा कुलूपबंद कपाटांत असतात. नाव ठाऊक असेल तरच ते मागता येतात. वाचनालय उघडते तेव्हा शेतमजूर कामावर गेलेला असतो, आणि तो परततो तेव्हा दार बंद होत असते. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर त्या पुस्तक बदलून लगेच निघून जातात. आणि अनामत, मासिक वर्गणी व कायमचा पत्ता मागितला, तर हंगामापुरता फडावर आलेल्या ऊसतोडणी कामगाराच्या मुलाने काय करावे?

यात ग्रंथपालाला दोष देऊन भागणार नाही. मद्रास राज्याने १९४८ साली आणि कर्नाटकाने १९६५ साली कायदा करून ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात उपकर टाळला व लोकांनी चालवलेल्या संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. ग्रंथालय निधीत शासनाने वर्षाला किमान पंचवीस लाख रुपये घालावेत, एवढेच बंधन त्यात होते. या मार्गाने गावोगावच्या संस्था टिकल्या, राज्यभर सुमारे बारा हजार ग्रंथालयांना मान्यता मिळाली, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु अपुऱ्या अनुदानाचा भार शेवटी दोघांवर पडला: वर्गणीच्या रूपाने वाचकावर आणि तुटपुंज्या वेतनाच्या रूपाने कर्मचाऱ्यावर. २०२२-२३ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ४८ हजार रुपये झाले. त्यातील निम्मे वेतनावर खर्चिले, तरी महिन्याला दोन हजार रुपये होतात. इतक्या मोबदल्यात रात्री नऊपर्यंत दार उघडे ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

हे अशक्य होते असे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यात पाचारण केले, मोफत वाचनालयांचे जाळे विणले, ग्रंथांच्या पेट्या खेड्यांत फिरवल्या. एका संस्थानाला जे पेलले, ते लोकशाही राज्याला पेलू नये काय? आपल्याच जिल्ह्यातील भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराच्या ओसरीवर बसून कोणीही पुस्तक उघडू शकतो. पाहुण्यांना जे मिळते, ते आपल्या पेठेतल्या मुलांनाही मिळाले पाहिजे. आणि वाचनालयाची गरज कोणाला अधिक आहे, हे फलटणला बाहेरून शिकावे लागणार नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी येथील दलित वस्तीतील मुलांना वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले व त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. वाचायला शिकलेल्या त्या मुलाच्या हाती पुढचे पुस्तक कोण देणार?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. बालविभाग व वाचनकक्ष विनामूल्य असावा. अनामतीऐवजी शाळेची किंवा संघटनेची हमी चालावी. कपाटे उघडी असावीत, संध्याकाळची वेळ वाढावी, स्वच्छतागृह असावे. कर्मचाऱ्यास किमान वेतनापेक्षा कमी मिळू नये. नगरपालिका कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. ते आवश्यक कर्तव्यांत यावे, यासाठी विधिमंडळात आवाज उठवावा लागेल.

तोवर एक काम आपल्या हातचे आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हावे, वार्षिक सभेला हजर राहावे आणि तेथे एकच प्रश्न विचारावा: या वर्षी आपल्याकडे कोण आले नाही, आणि का आले नाही?