गिऱ्हाईक दारातून परत का जातं?

(गणेशोत्सवातील लघुउद्योजक मेळाव्यात केलेले भाषण)



'वेबसाइट आणि ग्राहक' या विषयावर बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आम्ही काही दुकानदार नाही. पॉलिटेक्निकची पदविका आणि वीसेक वर्षांची राज्य सरकारची नोकरी, एवढीच आमची शिदोरी. मग वाटलं, अर्ज, रकाने, खिडकी आणि 'एक कागद राहिला, उद्या या' हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वेबसाइटवरून गिऱ्हाईक परत जातं तेही बहुतेक याच कारणांनी.

आपल्या समाजातल्या काही भगिनी मिळून दिवाळीचा फराळ करून विकतात. इंदूरसारख्या शेव-नमकीनच्या गावात फराळ विकायचा म्हणजे धाडसच! तरी भाजणीची चकली, अनारसे, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या यांना आपल्या घरांतून मागणी असते, आणि पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलांना डबे पाठवणारे आईवडीलही आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी भिशीचे पैसे घालून वेबसाइट करून घेतली. दिसायला देखणी. लुकलुकणारी पणती, सनईचे सूर, गटाचा इतिहास. त्या दिवाळीत तिच्यावरून ऑर्डरी आल्या ४, आणि त्यातल्या २ घरच्याच! भाजणी दळून ठेवलेली, तुपाचे डबे आणलेले. शेवटच्या आठवड्यात पिशव्या घेऊन दारोदार फिरावं लागलं. हा धंदा वर्षातून जेमतेम तीन आठवड्यांचा. तो हुकला की वर्ष हुकलं. 'बंद करा ती वेबसाइट,' असंच सगळ्या म्हणत होत्या.

आम्ही म्हटलं, बंद करण्याआधी लोक ती कशी वापरतात ते तरी पाहू. जेकब नील्सन नावाच्या या विषयातल्या जाणकारांनी २००० साली लिहिलं होतं, की ५ माणसांना वापरायला देऊन बघितलं तरी बहुतेक दोष सापडतात. आम्ही पाच जण गोळा केले: शेजारच्या काकू, एक निवृत्त मास्तर, कॉलेजातली एक मुलगी, कोपऱ्यावरचे किराणावाले आणि आमच्या मातोश्री. प्रत्येकाला त्यांच्याच फोनवर 'अर्धा किलो चकली मागवा' म्हटलं आणि आम्ही शेजारी गप्प बसलो. गप्प बसणं सर्वांत अवघड. बोट सारखं पुढे जातं, 'अहो, इथे दाबा ना!'

काकूंच्या फोनमधून एकदम सनई वाजली. त्यांनी घाबरून सगळं बंदच केलं. कॉलेजची मुलगी फोटो उघडण्याची वाट पाहून कंटाळली. कॅमेऱ्यातले भलेमोठे फोटो तसेच चढवले होते. किराणावाल्यांनी पहिला प्रश्न केला, भाव कुठे आहे? तिथे लिहिलं होतं, 'किमतीसाठी संपर्क साधा'. मास्तरांना आधी खातं उघडा, पासवर्ड ठेवा म्हणाले. ते म्हणाले, 'मला चकली हवी आहे, बँकेत खातं नकोय.'

आमच्या मातोश्री मात्र चिकाटीनं शेवटच्या पानापर्यंत गेल्या. पिनकोडमध्ये एक आकडा कमी पडला. लाल अक्षरात 'अवैध' असं आलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. त्यांनी फोन खाली ठेवला. 'राहू दे रे, माझंच काहीतरी चुकलं असेल.'

मित्रहो, ते वाक्य आमच्या मनातून गेलेलं नाही. दुकानातलं गिऱ्हाईक निदान भांडून जातं. इथलं स्वतःला दोष देत गुपचूप निघून जातं आणि आपण समजतो, मागणीच नाही.

मास्तरांची तक्रार मोठमोठ्यांनाही भोवली आहे बरं का. जेरेड स्पूल या सल्लागारांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटची हकिकत लिहिली आहे. पैसे देण्याआधी तिथे 'नोंदणी करा' असं बटण होतं. ते काढून 'पुढे चला' केलं आणि खातं उघडण्याची गरज नाही, एवढी एक ओळ घातली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले; पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

आपल्याकडे डॉलर नाहीत, पण दुरुस्ती तीच. खातं काढून टाकलं. नाव, फोन, पत्ता एवढंच विचारायचं. भाव आणि कुरिअरचा खर्च पहिल्याच पानावर. पैसे यूपीआयनं किंवा डबा हातात पडल्यावर. फोटो लहान केले. चुकलं तर फक्त तोच रकाना लाल, बाकी जसंच्या तसं. अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांकही ठळक लावला, कारण अनोळखी माणूस आधी भरवसा शोधतो. सनईवरून मात्र वाद झाला. ती गेली, इतिहास शेवटच्या पानावर राहिला. वेबसाइट करणाऱ्या मुलाचाही दोष नव्हता. त्यानं ती मोठ्या पडद्यावर पाहिली होती, गिऱ्हाईक पाहतं फोनवर.

गेल्या दिवाळीत चार दिवस आधीच ऑर्डरी थांबवाव्या लागल्या, हात पुरेनात. तेव्हा नवी चूक कळली. 'ऑर्डरी बंद' असं लिहायचंच राहिलं आणि काही लोक पैसे भरून बसले. ते परत करताना भगिनींना फार वाईट वाटलं.

यंदाची नोंदणी विसर्जनानंतर सुरू होईल. तोवर रोज संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपाबाहेरच्या टेबलावर आम्ही असू. आपला फोन घेऊन या, अर्धा किलो चकली मागवून पाहा. आम्ही काही बोलणार नाही, फक्त वहीत लिहून घेऊ.