बग्गीमागचा त्रिकोण

अमेरिकेत आमिश नावाचे लोक मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात, एवढं आपल्यापैकी पुष्कळांनी कुठंतरी वाचलेलं असतं. मनातलं चित्र गंमतीचं असतं. पण ती बग्गी ज्या रस्त्यावरून जाते, त्याच रस्त्यावरून मोटारीही धावतात आणि अंधार पडला की गंमत संपते.

आधी हे लोक कोण, ते सांगतो. तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, तो माणसानं जाणतेपणी घ्यावा, असं १५२५ साली झुरिचमधल्या काही तरुणांनी ठरवलं. म्हणून त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असं नाव पडलं. दोनच वर्षांनी त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला तिथल्या नदीत बुडवून मारलं. मेनोनाइट आणि आमिश हे याच परंपरेतले पंथ. हिंसा करायची नाही, मिरवायचं नाही, कुणावर दावा लावायचा नाही, ही शिकवण. मोटार म्हणजे पाप, असं आमिश म्हणत नाहीत बरं का! भाड्याच्या मोटारीत ते बसतात. मालकीची मोटार आली की माणसं पांगतात, शेजार तुटतो, हा त्यांचा हिशेब.

आता रस्त्याचा हिशेब पाहू. तुम्ही ताशी ९० किलोमीटरनं निघाला आहात. पुढची मोटार ७५ नं चालली असेल, तर १५० मीटरचं अंतर भरून यायला ३६ सेकंद लागतात. पुढं १५ च्या वेगाची बग्गी असेल, तर फक्त ७. आणि रात्री काळी बग्गी ५० मीटरवर आल्यावरच दिसली, तर हातात अडीच सेकंदही उरत नाहीत.

संथ वाहनांची ही अडचण ओळखून ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकात एक खूण तयार झाली. भडक नारिंगी त्रिकोण, त्याला चमकणारी लाल किनार. ट्रॅक्टरवर ती सर्रास दिसू लागली. बहुतेक आमिशांनीही ती स्वीकारली. लँकेस्टर काउंटीतल्या राखाडी बग्ग्यांना तर बॅटरीवरचे दिवे आणि वळण्याचे इंडिकेटरही असतात. नकार दिला तो स्वार्ट्झनट्रुबर या अतिशय कर्मठ शाखेनं. रंग भडक, खूण ऐहिक आणि भरवसा देवाऐवजी खुणेवर ठेवायचा, हे त्यांना पटेना. आपल्याकडे उसाच्या गाडीला रिफ्लेक्टर लावण्याचा प्रश्न पैशाचा आणि आळसाचा. तिथं तो श्रद्धेचा झाला.

प्रकरण कोर्टात गेलं. पांढरी चमकणारी पट्टी आणि लाल कंदील पुरेसा आहे, असं मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मान्य केलं. केंटकीत २०११-१२ मध्ये काही जण दंड न भरता तुरुंगात गेले. मग २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळानं पट्टीला परवानगी दिली.

मला स्वतःला ही तडजोड शहाणपणाची वाटते, कारण रात्री पट्टी चमकते. पण दिवसा, चढावरून उतरताना, 'पुढचं वाहन संथ आहे' हे त्रिकोण जसं लांबून सांगतो, तसं पट्टी सांगत नाही. आणि एक प्रश्न मनातून जात नाही. श्रद्धा जाणतेपणीच स्वीकारावी, यासाठी ज्यांच्या पूर्वजांनी मरण पत्करलं, त्यांच्याच बग्गीत मागं बसलेल्या लहान मुलानं हा धोका कधी निवडला? मोटार चालवणाऱ्यानं तरी कुठं निवडला?

अपघात झालाच, तर हे लोक सहसा दावा लावत नाहीत. विमा कंपनीचं दारही ठोठावत नाहीत; दवाखान्याचं बिल समाज वर्गणीतून भागवतो. मोटारचालकाला भेटून क्षमा केल्याचेही प्रसंग आहेत.

सरकार मात्र क्षमेवर विसंबून राहू शकत नाही. ओहायोनं २०२२ पासून बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवा सक्तीचा केला. कर्मठांना तोही नको आहे. त्याच राज्यातल्या होम्स काउंटीत काही रस्त्यांच्या कडेला बग्ग्यांसाठी रुंद पट्टा बांधलेला आहे. त्यावरून घोडा हाकायला मात्र कुणाचीच हरकत नसते.