‘शुड’, ‘मस्ट’ आणि अपेक्षेचे व्याकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला याच शाळेत मराठी व्याकरण शिकवले. पुढे मी आयुष्यभर इंग्रजी शिकवत आलो. परंतु त्या भाषेतील जो भाग मला सर्वांत निसरडा वाटला, त्यात पाय रोवायला आधार मिळाला तो गुरुजींच्या विध्यर्थाच्या तासाचा. इंग्रज माणूस आपली अपेक्षा बोलून कशी दाखवतो, हा तो भाग. त्यासाठी तो मोठे शब्द क्वचितच वापरतो. शुड, ऑट टू, मस्ट, विल अशी चिमुकली साहाय्यक क्रियापदे त्याचे काम भागवतात.

प्रथम एक इतिहासप्रसिद्ध वाक्य घेतो. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफल्गारच्या लढाईस तोंड लागण्यापूर्वी अॅडमिरल नेल्सनने आपल्या आरमारास निशाणांच्या द्वारे संदेश दिला : ‘इंग्लंड एक्स्पेक्ट्स दॅट एव्हरी मॅन विल डू हिज ड्यूटी’. नेल्सनच्या मनातला मूळ शब्द ‘कन्फाइड्स’ हा होता. म्हणजे इंग्लंडला भरवसा आहे. संदेशाचे काम पाहणाऱ्या लेफ्टनंट पास्कोने सुचवले की, हा शब्द संकेतकोशात नाही, त्याचे एकेक अक्षर निशाणांनी लिहावे लागेल. ‘एक्स्पेक्ट्स’ मात्र कोशात आहे. नेल्सनने ते मान्य केले. अशा रीतीने निशाणांच्या सोयीसाठी भरवशाची अपेक्षा झाली, आणि वाक्याला थोडी करडी धार आली. (गंमत अशी की ‘ड्यूटी’ हा शब्दही त्या कोशात नव्हता, तो चार अक्षरे चढवूनच सांगावा लागला.)

माझे लक्ष मात्र त्या वाक्यातील ‘विल’कडे जाते. तेथे ‘मस्ट’ असते तर तो हुकूम झाला असता. ‘शुड’ असते तर तो उपदेश झाला असता, आणि उपदेशात तो पाळला न जाण्याची शक्यता गृहीतच असते. ‘विल’ म्हणताना बोलणारा ती गोष्ट झालीच असे धरून चालतो. दारावर थाप पडली की इंग्रज गृहिणी ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणते. आपणही ‘पोस्टमन असेल’ असेच म्हणतो. भविष्यकाळाचे रूप वर्तमानातील अंदाजासाठी वापरण्याची ही खोड दोन्ही भाषांना आहे, आणि हे शिकवताना मला कधी कष्ट पडले नाहीत.

कष्ट पडतात ते ‘शुड’पाशी. ‘ही शुड बी हिअर बाय नाइन’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, नऊला येणे त्याचे कर्तव्य आहे. दुसरा, तो नऊपर्यंत येईल असा माझा अदमास आहे. आमचे विद्यार्थी पहिला अर्थ पाठ करतात, कारण शब्दकोशात ‘पाहिजे’ असे लिहिलेले असते. दुसरा अर्थ समोर आला की ते अडतात. येथेच मी त्यांना गुरुजींचा विध्यर्थ आठवायला सांगत असे. कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा हे सारे एकाच ‘-आवे’ प्रत्ययात सामावते, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. ‘मुलांनी वेळेवर यावे’ हे कर्तव्य; ‘एव्हाना गाडी यावी’ हा अदमास. प्रत्यय तोच, आणि आपण कधी गोंधळत नाही. मग ‘शुड’लाच का घाबरायचे?

या शब्दांची कुळे पाहिली तर आणखी उलगडा होतो. ‘शुड’ हे ‘शाल’चे भूतकाळी रूप, आणि जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ होता देणे लागणे. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंना जो ‘शुल्ट’ शब्द आहे, तो त्याच कुळातला. ‘ऑट’ तर ‘ओ’चे, म्हणजे ऋणी असणे या क्रियापदाचेच, जुने भूतकाळी रूप. म्हणजे इंग्रजीत कर्तव्याची कल्पना ऋणातून आली. आपण ‘मी त्याचे पैसे देणे लागतो’ म्हणतो आणि ‘मला जावे लागते’ असेही म्हणतो. तेव्हा हे नाते आपल्याला परके वाटू नये. ‘पाहिजे’ची वाट मात्र निराळी आहे. ते ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. म्हणून ‘मला पुस्तक पाहिजे’ आणि ‘मला गेले पाहिजे’ ही इच्छा व कर्तव्य आपण एकाच शब्दावर तोलतो. आपल्या बेळगावात शेजारचा कन्नडभाषक ‘बेकु’ने हेच करतो, आणि खाली गोव्यात कोकणी माणूस ‘जाय’ने. तिन्ही भाषा लहानपणापासून कानावर पडलेल्या आमच्या मुलांना इंग्रजीत इच्छेला ‘वॉन्ट’ आणि कर्तव्याला ‘मस्ट’ असे दोन वेगळे शब्द का लागतात, याचेच नवल वाटते. आणि ते नवल रास्त आहे.

‘शुड’ची एक खोड व्याकरणाच्या पुस्तकांत फारशी ठळक सांगितलेली नसते. अदमासाच्या अर्थाने तो बहुधा चांगल्या गोष्टीकडे झुकतो. ‘वुई शुड विन’ सहज म्हणतात. ‘वुई शुड लूज’ म्हटले तर ऐकणारा चमकतो, मुद्दाम हरायचे ठरले आहे की काय असे त्याला वाटते. वाईटाचा अंदाज सांगायला ‘विल’, ‘माइट’ असे काही शोधावे लागते. म्हणजे ‘शुड’मध्ये अदमास आहे, त्यात सदिच्छा मिसळलेली आहे, आणि शिवाय उलट घडण्यास एक फट ठेवलेली आहे.

ती फट किती महत्त्वाची असते, हे सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा इंग्लंडहून दूरध्वनी आला. त्याच्याकडे राहायला गेलेल्या आईची शस्त्रक्रिया व्हायची होती. डॉक्टर म्हणाले होते, ‘शी शुड बी ऑल राइट.’ तेवढ्या शब्दांवर येथल्या भावंडांनी निघण्याचा बेत रद्द करावा का, असा त्याला प्रश्न होता. त्याने विचारले, “सर, बरी होईल की बरी व्हायला हवी?” मी म्हणालो, “अरे, व्हायला हवी. ‘विल’ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. आता तू त्यांनाच विचार, की ‘शुड’ म्हणण्याचे कारण काय?” त्याने विचारले. डॉक्टरांनी हृदयाच्या दुखण्यामुळे असलेला धोका शांतपणे, आडपडदा न ठेवता समजावून दिला. त्यांनी लपवले काहीच नव्हते. त्यांच्या मते ते एका शब्दात सांगून झालेले होते. थोरला भाऊ त्याच आठवड्यात गेला.

‘मस्ट’विषयी थोडक्यात. ‘ही मस्ट बी टायर्ड’ हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि त्याचा नकार ‘मस्ट नॉट’ने न होता ‘कान्ट’ने होतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता कायद्याची भाषा. तेथे ‘शाल’ला बंधनाचा अर्थ आहे, आणि मराठी संविधानात तो साध्या भविष्यकाळाने येतो : राज्य नाकारणार नाही, राज्य करील. परंतु १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी ‘शाल एंडेव्हर’ अशी शब्दयोजना होती. राज्य शिक्षण देईल असे म्हटलेले नव्हते. देण्याचा प्रयत्न करील, असे म्हटले होते. मुदत होती दहा वर्षांची. ती १९६० साली संपली. मधला ‘एंडेव्हर’ गाळून ‘शाल प्रोव्हाइड’ लिहिले गेले ते २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, कलम २१-क मध्ये, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते. आणि ते अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. सहा वर्षांखालील बालकांसाठी कलम ४५ मध्ये ‘एंडेव्हर’ आजही आहे.