पास, तिकीट आणि उद्याची खात्री



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सारे विषय येतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आम्ही खिशातला विषय घेऊन आलो आहोत. रेल्वेचा पास काढावा की तिकीट, एवढाच आजचा प्रश्न.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला आली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली. आज ठाणे, डोंबिवली, कल्याण ही गावे गाडीच्या वेळापत्रकावर उठतात आणि निजतात. मुंबईत जागा परवडेना म्हणून माणूस इकडे राहायला आला, आणि इकडे राहणे त्याला परवडले ते पासामुळे. पास हा त्याच्या पगाराचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.

आता हिशेब मांडू. उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सुमारे १५ एकेरी भाड्यांइतका पडतो. रोजचे जाणे-येणे धरले तर आठव्या दिवशी तो वसूल होतो. महिन्याचे २६ दिवस कामावर जाणारा ५२ वेळा प्रवास करतो आणि भाडे भरतो १५ वेळांचे. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, वर्षाचा १०.८ पट. म्हणजे जो एकदम जास्त रक्कम काढू शकतो, त्याला आणखी सूट.

मग सुटे तिकीट काढतो कोण? सकाळी नाक्यावर उभे राहणारे गवंडी, रंगारी आणि बिगारी पाहा. काम मिळाले तर हजेरी, नाही तर हात हलवीत घरी. आज काम मुलुंडला, उद्या बदलापूरला. पास मात्र ठरलेल्या दोन स्टेशनांमधला. महिन्याच्या आरंभी एकरकमी पैसे हाती नसतात ते वेगळेच. अशा माणसाला महिन्यात १२ दिवस काम मिळाले, तर तो २४ भाडी भरतो. कचेरीतला माणूस ५२ प्रवासांसाठी १५ भाडी भरतो, आणि हा २४ प्रवासांसाठी २४! याला हिशेब कळत नाही असे कृपा करून म्हणू नका. त्याला हिशेब पुरता कळतो. त्याच्याजवळ नाही ती उद्याची खात्री.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही बहुधा पासवालाच असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा प्रथम मासिक पासच मिळत असे, सुटे तिकीट नाही. दोन दिवसांच्या कामासाठी महिन्याचे पैसे भरा! जून २०१४ मध्ये मासिक पासाला १५ ऐवजी ३० प्रवासांचे भाडे लावण्याचे जाहीर झाले. ओरड झाली आणि चार दिवसांत जुनी पद्धत कायम राहिली. पासवाले संख्येने मोठे, रोजच्या ओळखीचे आणि संघटित. सुट्या तिकिटवाल्याची संघटना कुठे आहे?

आता थोडे परदेशाकडे वळू. आपल्या गावांतली मुले जर्मनी-जपानात नोकरीला आहेत, आईबाप त्यांना भेटायला जातात आणि तिथेही हाच प्रश्न विचारतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ऐकीव गोष्टीवर पास घेऊ नका; प्रवास कागदावर मांडा, त्यांची भाडी मिळवा आणि मग ठरवा. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. तोकियो ते क्योतो जाऊन-येऊन सुमारे २८,००० येन पडतात. तेवढेच जायचे असेल तर सुटे तिकीट बरे. युरोपात अनेक देशांना मिळून पास आहे. पण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आसन राखण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. उलट बेत पक्का असेल आणि तिकीट बरेच आधी काढले, तर ते पुष्कळदा स्वस्त पडते.

इथे एक गंमत पाहा. आपल्याकडे पास स्वस्त, तिकडे आगाऊ तिकीट स्वस्त. वरवर पाहता हे उलटे दिसते, पण दोन्हीकडे सूट मिळते ती ज्याला पुढचे दिवस ठाऊक आहेत त्याला. ज्याचा उद्या अनिश्चित, तो सगळीकडे जास्त मोजतो. प्रवाशाची ती हौस असेल. मजुराची ती हौस नव्हे.

याला उपाय नाही असे नाही. लंडनमध्ये प्रवासी दर वेळी कार्ड लावतो आणि सुटे भाडे भरतो. ठरलेली मर्यादा गाठली की त्या दिवशीचा पुढचा प्रवास फुकट. दिवसाची ही मर्यादा २००५ साली आली, पुढे आठवड्याचीही आली. पास की तिकीट, हे आधी ठरवण्याचे कारणच उरत नाही. जो जितका फिरेल तितकी सवलत त्याला आपोआप मिळते.

आता आपल्याकडेही तिकीट फोनवर निघते, म्हणजे मोजदाद ठेवणे अशक्य नाही. महिन्यात १५ भाडी भरून झाली की उरलेला महिना त्या माणसाचा, ही मागणी नाक्यावरच्या मजुराने एकट्याने करून भागणार नाही. ज्यांच्या खिशात पास आहे, त्यांनी ती केली पाहिजे. २०१४ मध्ये आपण आपल्या पासासाठी बोललो. आता शेजारी उभ्या असलेल्याच्या तिकिटासाठी बोलू या.