अनुभव आहे, तो कागदावर आणूया
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडीदीपमध्ये आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल कारखान्यांवर पेटते. कुणी मेंटेनन्समध्ये, कुणी स्टोअरमध्ये, कुणी आमच्यासारखे सरकारी खात्यात. शिक्षण बहुतेकांचे पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंत, पण काम वीस-वीस वर्षांचे. नव्या नोकरीच्या जाहिरातीत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ असे वाचले की आपण पान उलटतो. ते आपल्यासाठी नाही, असे वाटते. तेच तपासून पाहण्यासाठी आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसू लागलो. त्यातून जे कळले ते आज सांगतो.

ही परीक्षा अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट घेते. संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४ पासूनची. पहिली गोष्ट म्हणजे डिप्लोमावाल्याला दार बंद नाही. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, नसेल तर ६० महिन्यांचा. शिवाय दोघांनाही ३५ तासांचे प्रशिक्षण हवे. अनुभव नसलेल्या मुलामुलींसाठी सीएपीएम नावाची धाकटी परीक्षा आहे. तिला बारावी आणि २३ तासांचे प्रशिक्षण पुरते.

अडचण वेगळीच आहे. अर्जात प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश, आपली भूमिका आणि निष्पत्ती थोडक्यात लिहावी लागते. काही अर्जांची पडताळणी होते आणि तेव्हा त्या कामाची माहिती असलेल्या वरिष्ठांची सही लागते. आपण शटडाउन वेळेत संपवलेले असतात, नवी लाइन उभी केलेली असते. पण कोणत्या महिन्यात, किती माणसांसह, कुणाच्या हाताखाली, हे कुठेच लिहिलेले नसते. साहेब निवृत्त होतात, कंपनी बदलते, आणि अनुभव तोंडीच राहतो.

आपल्या शेजारचे भोजपूर आठवा. राजा भोजाच्या काळातले, अकराव्या शतकातले ते शिवमंदिर अपुरे राहिले. पण आजूबाजूच्या खडकांवर कोरलेले बांधकामाचे आराखडे आजही दिसतात. काम का थांबले, यावर जाणकारांचे एकमत नाही. आराखडा दगडावर कोरला म्हणून हजार वर्षे टिकला. काम थांबवण्याचे कारण मात्र हरवले. नोंद केलेलेच उरते, हा धडा आपल्याला घरापासून जवळच मिळतो.

आता परीक्षेविषयी. २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून थोडे अधिक. त्यात माणसे सांभाळण्याला ४२ टक्के, कार्यपद्धतीला ५० टक्के आणि व्यवसायाच्या परिस्थितीला ८ टक्के वजन होते. हा आराखडा वेळोवेळी बदलतो, म्हणून फी भरण्यापूर्वी चालू आराखडा जरूर पाहावा. फी पाच आकडी आहे. घरात विचारूनच भरावी.

घोकंपट्टीने इथे निभत नाही. प्रश्न प्रसंगाचे असतात. समजा, काम संपायला आठवडा उरला आणि ग्राहकाने जादा काम सांगितले. आपल्याकडचे सवयीचे उत्तर, ‘हो साहेब, करून टाकू.’ ठरलेल्या योजनेने चालणाऱ्या कामात परीक्षेला हवे असते ते असे: आधी वेळेवर, खर्चावर आणि दर्जावर काय परिणाम होईल ते पाहा, मग बदलाच्या मंजुरीला पाठवा. अनुभवी माणूस अडतो तो इथेच, कारण तो आपल्या खात्यात चालते तसे उत्तर देतो. म्हणून सराव प्रश्न चुकला की योग्य पर्याय पाठ करू नये. आपल्याला तो पर्याय का सुचला नाही, हे वहीत एका ओळीत लिहावे. आमच्या गटाला सर्वात जास्त उपयोग या वहीचा झाला.

हिशोबाचे प्रश्न थोडे असतात, पण समजून घेण्यासारखे. आपल्या सजावटीचेच उदाहरण घेऊ. समजा बजेट १ लाख, काम दहा दिवसांचे. पाचव्या दिवशी ५० हजारांचे काम व्हायला हवे होते आणि खर्चही ५० हजारच झाला. खजिनदार म्हणतील, सगळे ठीक आहे. पण प्रत्यक्षात झालेले काम ४० हजारांचेच असेल तर? ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. आपण वेळेतही मागे आणि खर्चातही. याच गतीने गेलो तर १ लाखाची सजावट सव्वा लाखाला पडेल. नुसत्या पावत्या पाहून हे कळत नाही. झालेले काम मोजावे लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या प्रमाणपत्राने सरकारी नोकरीत आपोआप बढती मिळत नाही, आणि खासगीतही ते हमीपत्र नाही. दर तीन वर्षांनी ६० गुणांचे पुढचे शिक्षण दाखवून ते जिवंत ठेवावे लागते. ज्याला नोकरी बदलायची नाही, त्याने कर्ज काढून ही परीक्षा देऊ नये. पण वही घालायला फी लागत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर मागच्या पाच-सहा वर्षांतली आपली कामे आठवून लिहा: सुरुवात, शेवट, माणसे, पैसे, अडचण, निकाल. साहेब अजून त्याच शहरात आहेत तोवर त्यांना दाखवून घ्या. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्याबरोबर बसायला यावे. येताना पुस्तक नसले तरी चालेल, ही वही मात्र आणावी.